जीटी-आरचे तीन शेवट

निस्सान कंपनीची जीटी-आर ही जपानी स्पोर्ट्स कार १९६९ मध्ये रस्त्यावर आली आणि त्यानंतर तीन वेळा बंद झाली : १९७३, २००२ आणि २०२५ मध्ये. तिन्ही वेळा तिच्या वेगात काही उणे नव्हते. धूर, आवाज आणि सुरक्षितता यांचे कायदे कडक होत गेले आणि मोजक्याच संख्येने खपणाऱ्या गाडीसाठी त्या कायद्यांचा खर्च उचलणे कंपनीला जड गेले. कारणे अशी सारखीच राहिली, ग्राहकाचे वागणे मात्र दर वेळी बदलले. पहिल्या वेळी निरोपाची म्हणून वेगळी गाडी निघालीच नाही. दुसऱ्या वेळी ती निघाली आणि हातोहात संपली. तिसऱ्या वेळी निरोप चार वर्षे चालला आणि गाडी कोणाला मिळणार हे ठरवायला सोडत काढावी लागली. बंद होऊ घातलेली वेगवान गाडी मिळवणे आणि पुढे ती सांभाळणे हा स्वतंत्र व्यवहार कसा होत गेला, ते जीटी-आरच्या इतिहासात नीट पाहता येते.

पहिला शेवट : १९७३

जीटी-आरचे मूळ प्रिन्स मोटर या कंपनीत आहे. दुसऱ्या महायुद्धात विमाने बनवणाऱ्या कारखान्यांतले अभियंते युद्धानंतर मोटारींकडे वळले, त्यांतून ही कंपनी उभी राहिली. १९५७ मध्ये तिने ‘स्कायलाइन’ ही घरगुती वापराची सेडान आणली. १९६४ मध्ये सुझुका येथे दुसरी जपान ग्रां प्री व्हायची होती. तिच्यासाठी प्रिन्सचे अभियंते शिनइचिरो साकुराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कायलाइनचा पुढचा भाग २० सेंटिमीटरने लांबवला आणि ‘ग्लोरिया’ या मोठ्या गाडीचे सहा सिलिंडरचे इंजिन त्यात बसवले. शर्यत पोर्शच्या ९०४ या गाडीने जिंकली. मात्र दुसऱ्यापासून सहाव्या क्रमांकापर्यंत सगळ्या स्कायलाइनच होत्या, आणि एका फेरीत तर तेत्सु इकुझावा यांची स्कायलाइन पोर्शच्याही पुढे होती. खास शर्यतीसाठी घडवलेल्या जर्मन गाडीला साध्या जपानी सेडानने मागे टाकले, या एका फेरीवर स्कायलाइनचे नाव जपानभर झाले.

१९६६ मध्ये प्रिन्स कंपनी निस्सानमध्ये विलीन झाली. त्याच वर्षी प्रिन्सच्या आर-३८० या शर्यतीच्या गाडीने फुजी येथे ग्रां प्री जिंकली. तिच्या इंजिनावरून पुढे एस-२० हे इंजिन तयार झाले : १,९८९ घन सेंटिमीटर, सहा सिलिंडर, चोवीस व्हॉल्व्ह आणि १६० अश्वशक्ती. फेब्रुवारी १९६९ मध्ये ते स्कायलाइनमध्ये घालून ‘स्कायलाइन २०००जीटी-आर’ विक्रीला आली. ती चार दारांची होती आणि तिची किंमत सुमारे १५ लाख येन होती. दिसायला कचेरीत जाणाऱ्या माणसाची गाडी आणि आत शर्यतीचे इंजिन, हा तिचा गुण लोकांना भावला. पुढच्या वर्षी दोन दारांची, आखूड चाकअंतराची आवृत्ती आली. १९७२ पर्यंत या गाड्यांनी जपानमधल्या शर्यतींत सुमारे पन्नास विजय मिळवले. अखेरच्या काळात माझदाच्या रोटरी इंजिनाच्या गाड्यांनी त्यांना कडवी झुंज दिली.

जानेवारी १९७३ मध्ये नव्या आकाराची दुसरी जीटी-आर आली. ‘केन आणि मेरी’ या जोडप्याच्या गाजलेल्या जाहिरातमालेमुळे या पिढीच्या स्कायलाइनला ‘केनमेरी’ हे लाडके नाव पडले होते. या पिढीच्या सर्वसाधारण स्कायलाइन सहा लाखांहून अधिक विकल्या गेल्या. तिच्या जीटी-आर आवृत्तीच्या गाड्या मात्र जेमतेम १९७ बनल्या. जपानमध्ये धुराबाबतचे नवे नियम लागू होत होते आणि कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या एस-२० इंजिनाला ते पाळणे कठीण होते. काही महिन्यांतच उत्पादन थांबले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेलसंकट आले आणि वेगवान गाड्यांविषयी बोलण्याचीही ती वेळ राहिली नाही. १९७२ च्या टोकियो मोटर शोमध्ये या गाडीचे शर्यतीचे रूप मांडले गेले होते, पण ते कधी शर्यतीत उतरले नाही.

हा शेवट गाजावाजा न होता पार पडला. शेवटच्या गाड्यांवर वेगळी पट्टी नव्हती, क्रमांक नव्हता, खास रंग नव्हता. त्या १९७ गाड्यांचे मोल कळायला बराच काळ जावा लागला. आज त्या जपानी मोटारींमधल्या सर्वांत दुर्मीळ आणि महागड्या गाड्यांमध्ये गणल्या जातात. पुढची सोळा वर्षे ‘जीटी-आर’ हे नाव कोणत्याही गाडीवर लागले नाही.

पुनरागमन

१९८० च्या दशकात निस्सानने ‘९०१’ या नावाने एक अंतर्गत मोहीम हाती घेतली. १९९० पर्यंत गाडीच्या चालीत आणि हाताळणीत जगात पहिला क्रमांक गाठायचा, असे तिचे उद्दिष्ट होते. या मोहिमेतून ऑगस्ट १९८९ मध्ये आर-३२ ही तिसरी जीटी-आर आली. तिचे मुख्य अभियंता नागानोरी इतो हे साकुराईंच्या हाताखाली तयार झाले होते. आरबी-२६ हे २.६ लिटरचे, दोन टर्बोचार्जरचे इंजिन आणि गरजेनुसार पुढच्या चाकांना ताकद पुरवणारी ‘अटेसा’ यंत्रणा, ही या गाडीची दोन बलस्थाने. किंमत होती ४४ लाख ५० हजार येन.

कागदावर तिची ताकद २८० अश्वशक्ती होती. रस्त्यावरच्या अपघातांमुळे झालेल्या टीकेनंतर जपानी कंपन्यांनी याहून अधिक ताकदीची गाडी देशात विकायची नाही, असे आपसांत ठरवले होते आणि ही मर्यादा २००४ पर्यंत टिकली. आरबी-२६ मध्ये मात्र शर्यतीसाठी ताकद वाढवायला भरपूर वाव ठेवलेला होता. १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानच्या ‘ग्रुप ए’ स्पर्धेतल्या २९ च्या २९ शर्यती आर-३२ ने जिंकल्या. ऑस्ट्रेलियात बॅथर्स्टची लांब पल्ल्याची शर्यत तिने १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. तिथल्या मोटार मासिकाने तिला दिलेले ‘गॉडझिला’ हे नाव जगभर रूढ झाले.

जानेवारी १९९५ मध्ये कोझो वातानाबे यांच्या देखरेखीखाली आर-३३ आली. जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंगच्या वीस किलोमीटरहून लांब वळणदार मार्गावर तिने आठ मिनिटांच्या आत फेरी पूर्ण केली. जानेवारी १९९९ मध्ये आर-३४ आली. तिची बांधणी आटोपशीर होती आणि टर्बोचा दाब, तेलाचे तापमान अशी माहिती दाखवणारा पडदा तिच्या डॅशबोर्डवर होता.

दुसरा शेवट : २००२

आर-३४ ज्या वर्षी आली, त्याच वर्षी निस्सान कर्जात बुडाली होती. मार्च १९९९ मध्ये फ्रान्सच्या रेनो कंपनीशी करार झाला, रेनोचे अधिकारी कार्लोस घोन कंपनी सावरण्यासाठी जपानला आले आणि कारखाने बंद करण्यापासून खर्चकपातीला सुरुवात झाली. त्यात धुराचे नवे नियम जवळ येत होते. जुन्या इंजिनांना ते पाळायला लावायचे तर मोठा खर्च होता, आणि १९९० च्या दशकातल्या मंदीनंतर अशा गाड्या घेणारे कमी उरले होते. परिणामी २००२ मध्ये एकाच उन्हाळ्यात जपानी स्पोर्ट्स कारची एक अख्खी पिढी मावळली. निस्सानची आर-३४ आणि सिल्व्हिया, टोयोटाची सुप्रा आणि माझदाची आरएक्स-७ या गाड्या बरोबरच बंद झाल्या.

या वेळी कंपनीला आणि ग्राहकांनाही शेवट आधी दिसत होता. फेब्रुवारी २००२ मध्ये निस्सानने न्युर्बर्गरिंगच्या नावावरून ‘न्युर’ ही अखेरची आवृत्ती जाहीर केली. गाड्या सुमारे एक हजार आणि किंमत साठ लाख येनच्या वर. इंजिनाचे झाकण सोनेरी होते, वेगमापकाचा काटा ३०० किलोमीटरपर्यंत जाणारा होता आणि टर्बोचार्जर शर्यतीसाठीच्या ‘एन-१’ इंजिनाचे होते. हा शेवटचा बदल दिखाऊ नव्हता. साध्या आर-३४ च्या टर्बोमधले टर्बाइनचे चक्र सिरॅमिकचे असे. ते हलके असल्यामुळे लवकर फिरते, पण दाब फार वाढवला तर तडकते. ‘न्युर’मध्ये ते पोलादी होते. शेवटची गाडी ही सर्वांत पक्की गाडीही असावी, अशी अपेक्षा इथून पुढे रूढ झाली. ‘न्युर’च्या सगळ्या गाड्यांची नोंदणी झपाट्याने पूर्ण झाली.

आर-३४ एकूण साडेअकरा हजारांच्या आसपास बनल्या. आर-३२ च्या सुमारे ४४ हजार गाड्यांच्या तुलनेत हा आकडा बराच लहान आहे, आणि पुढे तिचे भाव चढण्याचे हे एक मोठे कारण ठरले. दुसरे कारण अमेरिकेतल्या कायद्यात होते. तिथल्या सुरक्षिततेच्या नियमांनुसार न बनलेली परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाल्यावरच सहजपणे आयात करता येते. आर-३२ साठी ही वाट २०१४ मध्ये खुली झाली, आर-३४ साठी २०२४ मध्ये. दरम्यान चित्रपटांनी आणि व्हिडिओ गेमनी या गाड्या एका नव्या पिढीच्या मनात पक्क्या बसवल्या होत्या. २००९ च्या ‘फास्ट अँड फ्युरियस’ या चित्रपटात अभिनेते पॉल वॉकर यांनी चालवलेली निळी आर-३४ गाडी २०२३ मध्ये लिलावात साडेतेरा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. कंपनीने जी गाडी तोट्याच्या काळात गुंडाळली, तीच दोन दशकांनी संग्राहकांच्या मालमत्तेत गणली जाऊ लागली. पुढच्या जीटी-आरच्या ग्राहकांनी हा धडा नीट लक्षात ठेवला.

आर-३५ : अठरा वर्षांची गाडी

पाच वर्षांच्या खंडानंतर ऑक्टोबर २००७ मध्ये टोकियो मोटर शोमध्ये आर-३५ प्रकट झाली आणि डिसेंबरमध्ये जपानमध्ये तिची विक्री सुरू झाली. आता तिच्या नावात ‘स्कायलाइन’ नव्हते, नुसती ‘निस्सान जीटी-आर’ होती, आणि ती सुरुवातीपासून जगभरच्या बाजारासाठी आखलेली होती. मुख्य अभियंता काझुतोशी मिझुनो यांनी ३.८ लिटरचे व्ही-६ इंजिन पुढे ठेवले आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ नेला, म्हणजे वजन दोन्हीकडे वाटले जाते. पहिली ताकद ४८० अश्वशक्ती होती, पुढे ती ५७० झाली आणि ‘निस्मो’ या निस्सानच्या शर्यत-शाखेच्या आवृत्तीत ६००. न्युर्बर्गरिंगवर २०१३ मध्ये निस्मोने सात मिनिटे आठ सेकंदांची वेळ नोंदवली. प्रत्येक इंजिन योकोहामाच्या कारखान्यात ‘ताकुमी’ म्हणवला जाणारा एकच कुशल कारागीर हाताने जुळवत असे. पुढे त्याच्या नावाची पट्टी इंजिनावर लागू लागली. अठरा वर्षांत हे काम अवघ्या नऊ कारागिरांनी केले. गाडीची जुळणी तोचिगीच्या कारखान्यात होई.

सुरुवातीला तिची किंमत ७७ लाख ७० हजार येन, अमेरिकेत सत्तर हजार डॉलरांच्या आत होती. दुप्पट किमतीच्या युरोपीय गाड्यांच्या बरोबरीने धावणारी गाडी, अशी तिची ख्याती झाली. पुढे दर वर्षी किरकोळ सुधारणांबरोबर किंमत वाढत गेली. २०२५ ची सर्वांत साधी आवृत्ती सुमारे १ कोटी ४४ लाख येनची होती आणि ‘निस्मो स्पेशल एडिशन’ ३ कोटी येनच्या वर गेली. मूळ आराखडा तोच राहिला, किंमत मात्र जवळपास दुप्पट झाली आणि तरीही ग्राहक वाढत्या आतुरतेने येत राहिले. यंत्राच्या नवेपणाला त्यांच्या लेखी आता दुय्यम स्थान होते. हाताने जुळवलेले पेट्रोल इंजिन पुन्हा मिळणार नाही, ही जाणीव त्यांना शोरूममध्ये आणत होती.

भारतात जीटी-आर अधिकृतपणे २०१६ च्या अखेरीस आली. पूर्ण बनलेली गाडी तोचिगीहून आयात होई. दिल्लीतली शोरूम किंमत १ कोटी ९९ लाख रुपये होती आणि तिच्या देखभालीचे खास केंद्र नोएडात उघडले गेले. मुंबईचे अभिनेते जॉन अब्राहम निस्सानचे प्रचारदूत होते आणि त्यांच्याकडेही ही गाडी होती. आयात शुल्कामुळे इथे तिचा ग्राहकवर्ग मोजकाच राहिला.

तिसरा शेवट : २०२१ ते २०२५

आर-३५ एका दिवसात बंद झाली नाही. ती देशागणिक मावळत गेली. ऑस्ट्रेलियात बाजूने होणाऱ्या धडकेबाबतचे नवे नियम आले आणि २०२१ मध्ये तिथली विक्री थांबली. युरोपात आवाजाच्या मर्यादेमुळे २०२२ मध्ये थांबली. अमेरिकेत २०२४ चे मॉडेल शेवटचे ठरले. तिथे निरोपाच्या दोन आवृत्त्या मिळून दोनशेपेक्षा कमी गाड्या ठेवल्या गेल्या. जपानमध्ये आवाजाचे नियम पाळण्यासाठी नवा सायलेन्सर बसवून गाडी जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा सादर झाली. संपली असे ज्यांनी धरले होते, त्यांना आणखी एक संधी मिळाली.

या काळात विक्रीची पद्धत बदलली. २०२१ च्या शरद ऋतूत जाहीर झालेल्या ‘टी-स्पेक’ आवृत्तीच्या जपानसाठी केवळ शंभर गाड्या होत्या आणि त्या सोडतीने वाटल्या गेल्या. पैसे तयार असलेल्या माणसालाही गाडी मिळेलच असे राहिले नाही. नवी गाडी मिळेना, तेव्हा काही महिने वापरलेल्या गाडीचे भाव नव्या गाडीच्या किमतीपुढे गेले. घेऊन लगेच विकणारा आणि जन्मभर सांभाळण्यासाठी घेणारा, असे दोन ग्राहक एकाच रांगेत उभे राहिले.

निरोपाच्या गाड्यांचे रंगही विचारपूर्वक निवडलेले होते. ‘टी-स्पेक’साठी आर-३४ च्या ‘न्युर’ काळातला ‘मिलेनियम जेड’ हा हिरवट राखी रंग आणि ९० च्या दशकातल्या गाड्यांची आठवण करून देणारा ‘मिडनाइट पर्पल’ हे दोन रंग परत आणले गेले. अमेरिकेतल्या ‘स्कायलाइन एडिशन’ला आर-३४ चा ‘बेसाइड ब्लू’ मिळाला. १९७३ मध्ये कोणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट आता कंपनीच्या आखणीचा भाग झाली होती. शेवटची गाडी पुढे संग्रहात जाणार हे गृहीत धरूनच ती बनवली जात होती.

२६ ऑगस्ट २०२५ रोजी तोचिगीच्या कारखान्यातून शेवटची आर-३५ बाहेर पडली. ती ‘मिडनाइट पर्पल’ रंगाची ‘प्रीमियम एडिशन टी-स्पेक’ होती आणि जपानमधल्या ग्राहकासाठी होती. अठरा वर्षांत एकूण सुमारे ४८ हजार गाड्या बनल्या.

घेताना आणि सांभाळताना

बंद झालेली जीटी-आर घेणाऱ्याला आधी तिचा भूतकाळ वाचावा लागतो. जपानमध्ये जुन्या गाड्या मोठ्या लिलावगृहांतून जातात. तिथे प्रत्येक गाडीबरोबर तपासणीचा कागद असतो. त्यावर गुणांकन, धावलेले किलोमीटर, गंज, रंगकाम आणि अपघातानंतरची दुरुस्ती यांच्या खुणा असतात. निर्यातदार याच कागदावर भिस्त ठेवून बोली लावतात. आर-३२ ते आर-३४ या गाड्यांत गंज हा मोठा शत्रू आहे. शॉक अब्सॉर्बर जिथे वर बसतात ते भाग आणि डिकीचा तळ आधी पाहिला जातो. आर-३२ च्या सुरुवातीच्या इंजिनांत तेलाच्या पंपाला फिरवणारा जोड अरुंद आहे. ताकद वाढवलेल्या गाडीत तो निकामी झाला तर तेलाचा दाब जातो आणि अख्खे इंजिन बसते. मूळ स्थितीतली, फेरफार न केलेली गाडी म्हणूनच अधिक किमतीला जाते. ज्या गाडीची ख्याती फेरफारांवर वाढली, तिच्यात हात न लावलेली गाडी सर्वांत दुर्मीळ आहे.

आर-३५ च्या मालकावर जपानमध्ये वेगळी बंधने होती. १८० किलोमीटरच्या वेगमर्यादेचे कुलूप उपग्रह-नकाशाने मान्यताप्राप्त शर्यतीचा मार्ग ओळखल्यावरच उघडत असे, आणि गाडीची देखभाल खास प्रशिक्षित विक्रेत्यांकडे होई. सुरुवातीच्या गाड्यांत जागेवरून झेप घेण्याच्या सोयीचा अतिवापर करून गिअरबॉक्स निकामी होण्याच्या तक्रारी आल्या. त्यामुळे गाडी विकत घेताना गिअरबॉक्सच्या देखभालीची नोंद इंजिनाइतकीच बारकाईने पाहिली जाते.

वय वाढलेल्या गाडीला जपानचा कायदाही अनुकूल नाही. ‘शाकेन’ ही सक्तीची तपासणी दर दोन वर्षांनी करावी लागते, आणि पेट्रोलची गाडी तेरा वर्षांची झाली की वार्षिक कर वाढतो. खरी अडचण सुट्या भागांची असते. रबरी पट्ट्या, वायरिंगचे संच, पॅनेल हे भाग संपले की चालती गाडीही उभी राहते. निस्सानची शर्यत-शाखा निस्मो हिने २०१७ मध्ये आर-३२ चे बंद झालेले भाग पुन्हा बनवायला सुरुवात केली आणि पुढे त्यात आर-३३ व आर-३४ यांनाही घेतले. योकोहामातल्या ‘ओमोरी फॅक्टरी’त जुन्या गाड्यांची इंजिने नव्याने जुळवली जातात. ज्या कंपनीने गाडी बंद केली, तिनेच तिचे आयुष्य वाढवण्याची जबाबदारी घेतली, आणि जुन्या जीटी-आरच्या मालकांचा मोठा आधार हाच आहे. केनमेरीच्या एस-२० इंजिनाच्या मालकांना एवढा संघटित आधार कधी नव्हता.

आर-३५ बंद झाली तेव्हा निस्सान पुन्हा आर्थिक संकटात होती. २०२५ मध्येच कंपनीने वीस हजार कामगार कमी करण्याची आणि कारखाने बंद करण्याची योजना जाहीर केली. मुख्य कार्यकारी अधिकारी इव्हान एस्पिनोसा यांनी हा कायमचा निरोप नसून जीटी-आर कधीतरी परत यावी असा कंपनीचा मानस आहे, असे सांगितले, पण तारीख जाहीर केली नाही. याआधीचे दोन्ही खंड, एक सोळा वर्षांचा आणि एक पाच वर्षांचा, कंपनीकडे पैसा आणि नवे यंत्र दोन्ही आल्यावरच संपले होते. तोवर जीटी-आर म्हणजे आजवर बनलेल्या गाड्याच, आणि त्या चालत्या राहतील की नाही हे सुटे भाग, कुशल कारागीर आणि मालकांची चिकाटी यांवर ठरेल.